दाजींची खोली

बदनापूरच्या आमच्या घरातली सगळ्यात मोठी खोली कायम कुलपात असायची. ती दाजींची खोली. दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, या घरचे जावई. ते संभाजीनगरला राहतात. दिवाळीत दोन दिवस यायचे, उन्हाळ्यात दोन दिवस यायचे आणि अधिक महिना आला की धोंड्याच्या जेवणाला यायचे. एवढ्यासाठी बारा बाय चौदाची खोली, तिला मोठी खिडकी, आत पलंग, कूलर आणि वेगळं संडास-बाथरूम. उरलेल्या घरात आम्ही पाच जण: सासूबाई, माझा नवरा, मी, मुलगी आणि मुलगा. आमच्या वाट्याला दहा बाय दहाची बैठक आणि मागचं स्वयंपाकघर.

माझं त्या खोलीशी वैर होतं. वैर हा शब्द मी मोजून वापरते आहे. मी ब्लाऊज शिवते, मोजून वापरायची मला सवय आहे. माझी शिलाई मशीन जिन्याखाली होती. मान वाकवून बसावं लागायचं. कुणी वर गच्चीवर गेलं की सिमेंटची भुकटी डोक्यावर पडायची. तिथून मान वळवली की समोर दिसायचं ते दाजींच्या खोलीचं दार आणि त्यावरचं पितळी कुलूप. सतरा वर्षं मी गळे कापले, बाह्या बेतल्या, हुक लावले आणि मध्ये मध्ये त्या कुलपाकडे बघितलं.

खोली सासऱ्यांनी बांधली, लेकीच्या लग्नाच्या वेळेला. शहरातला जावई, त्याची आबाळ व्हायला नको म्हणून. सासरे गेले, पण शिस्त राहिली. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मी त्यांना आत्याबाई म्हणते. महिन्यातून एकदा आत्याबाई दार उघडून मला झाडून घ्यायला सांगायच्या आणि मी झाडेपर्यंत दारात उभ्या राहायच्या, जसं काही मी पलंग उचलून नेणार होते. गादीवरचं प्लास्टिक कधी काढलेलंच नव्हतं. दाजी आले की त्यावरच चादर पडायची.

हे सगळं मी सोसलं असतं. माझ्यासारख्या पुष्कळ जणी सोसतात. पण माझे वडील एकदा आमच्याकडे मुक्कामी राहिले आणि तिथून माझं डोकं फिरलं.

वडील तीर्थपुरीकडचे. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, ऑपरेशन जालन्याला झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी परत दाखवायला आणा, धूळ लागू देऊ नका, ऊन लागू देऊ नका. तीर्थपुरीला जाऊन परत येण्यापेक्षा एक दिवस लेकीकडे राहतील, असं ठरलं. लग्नानंतर आठ वर्षांत ते आमच्याकडे मुक्कामाला कधी राहिले नव्हते. लेकीच्या घरी राहायचा त्यांना संकोच वाटायचा. डोळ्याला हिरवी पट्टी लावून, हातात कापडी पिशवी घेऊन ते रिक्षातून उतरले आणि दारातच म्हणाले, "एकच रात हाय. कुठंबी पडतो."

मी आत्याबाईंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि किल्ली मागितली. उभ्या जन्मात त्यांच्याकडे मी तेवढीच एक गोष्ट मागितली होती.

"ती जावयाची खोली हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"एका रातीचा सवाल हाय, आत्याबाई. डोळ्याचं आपरेशन झालंय."

"म्या कुठं न्हाई म्हणते? व्याही बाहेर ओट्यावर झोपतील. उन्हाळाच तर हाय. जावयाच्या गादीवर दुसरा माणूस निजला, हे पाव्हण्याला कळलं तर काय म्हणतील?"

बैठकीत आत्याबाई आणि मुलं झोपायची, तिथे परक्या पुरुषाला कसं झोपवणार, हेही त्यांनी सांगितलं. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि तो बाहेर जाऊन पानाच्या ठेल्यावर उभा राहिला. मी ओट्यावर निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी टाकली. आमचं घर पूर्वेला तोंड करून आहे आणि समोरून दिवसभर ट्रॅक्टर जातात.

सकाळी मी केर काढायला दार उघडलं तेव्हा वडील उठून बसले होते. भिंतीकडे तोंड करून, कारण समोरून ऊन थेट डोळ्यावर येत होतं. हिरव्या पट्टीवर धूळ होती. दंडावर डासांनी गांधी उठवल्या होत्या. मला बघून ते हसले आणि म्हणाले, "झकास झोप लागली. वारं मस्त लागतंय इथं."

मी आत जाऊन चहा ठेवला. वडील चहा प्यायले, जालन्याला डोळा दाखवला आणि तिथूनच एसटीने परस्पर गावी गेले. पुढे पाच वर्षं जगले, पण आमच्याकडे मुक्काम म्हणून पुन्हा केला नाही. डोळा चांगला झाला होता, त्यामुळे तक्रार करायला काही कारणही उरलं नाही. ती सतरंजी मी धुतली, घडी घातली आणि माझ्या ट्रंकेत तळाशी ठेवली. कशासाठी ठेवली, हे मला तेव्हाच माहीत होतं.

आमच्या घरात दाजींना विचारल्याशिवाय कांदाही चिरला जात नसे. फ्रिज कोणता घ्यायचा, मुलीला कोणत्या शाळेत घालायचं, बोअर कुठे मारायचं, सगळं दाजी सांगणार. बोअर त्यांनी सांगितलं तिथे मारलं, ते कोरडं गेलं. तरी कुणी ब्र काढला नाही. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हा सासऱ्यांनी घालून दिलेला नियम होता आणि आत्याबाई तो देवपूजेसारखा पाळायच्या. मी मात्र त्या नियमाकडे शिंप्याच्या नजरेने बघत होते. कापड कितीही जाड असो, कुठेतरी त्याची शिवण असते, तिथूनच ते उसवतं.

शिवण मला सापडली दाजींच्या स्वतःच्या घरी. त्यांनी संभाजीनगरला नवं घर घेतलं, वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. जेवणं झाल्यावर दाजी पाहुण्यांना घर दाखवत फिरत होते आणि बोट नाचवून समजावत होते. "ईशान्य कोपरा मोकळा पाहिजे. ईशान्येला खोली कोंडून ठेवली की घराचा दम कोंडतो. बरकत थांबते." सगळे माना डोलवत होते. मी पाण्याचे ग्लास उचलत होते. आमच्या घरचा ईशान्य कोपरा कोणता, हे मला तिथल्या तिथे कळलं. पूर्वेला तोंड, आत शिरलं की उजव्या हाताला उत्तर. मी ते वाक्य जपून ठेवलं. सात वर्षं जपून ठेवलं.

वेळ आणली माझ्या मुलीने. तिचं दहावीचं वर्ष होतं. ती जिन्याच्या पायरीवर बसून अभ्यास करायची. एक दिवस आम्ही जेवत होतो. म्हणजे नवरा आणि मुलगा बैठकीत जेवत होते, आत्याबाई, मी आणि मुलगी जागा व्हायची वाट बघत होतो. मुलीने वही मिटली आणि विचारलं, "आज्जी, आपण पाच जण एकदाच जेवायला बसूत एवढी जागा आपल्या घरात काऊन न्हाई?"

आत्याबाईंनी तिला वही उघडायला सांगितलं. पण नवऱ्याला ते लागलं. त्या दिवसापासून घर मोठं करायची चर्चा सुरू झाली. नवरा म्हणाला, गच्चीवर पत्रे टाकू. मी म्हटलं, मे महिन्यात तिथे बसून दाखवा. आत्याबाई म्हणाल्या, ओट्याला जाळी मारून घ्या आणि तिथे बसा. माझे कान गरम झाले. ओटा! पुन्हा ओटाच.

मिस्त्री माप घ्यायला आला. त्याने सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या कागदावर घर काढलं. बैठक काढली, स्वयंपाकघर काढलं, जिना काढला. उजवीकडे कोरी जागा सोडली, कारण कुलूप उघडायला कुणी तयारच नव्हतं.

"हे काय हाय?" त्याने पेन्सिल टेकवून विचारलं.

"ते पाव्हण्याचं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हंजी घरातच हाय ना?" मिस्त्री म्हणाला. मला त्या माणसाला तिथेच चहाबरोबर शेव द्यावीशी वाटली. दिलीही.

तो गेल्यावर मी वर्तमानपत्राचा कागद घेतला. ब्लाऊजचा नमुना कापतात तसा घराचा नमुना कापला. मधली भिंत कात्रीने काढून टाकली आणि दोन्ही तुकडे जोडून आत्याबाईंसमोर ठेवले. बावीस बाय चौदा नाही, कारण बैठक लहान; पण एक कोपरा सोडला तर पाचच काय, पंधरा माणसं बसतील एवढी जागा. आत्याबाईंनी कागद बघितला आणि बाजूला सारला. "पाव्हण्याला इचारल्याबिगर एक वीट हालायची न्हाई."

"मंग विचारू ना," मी म्हटलं. "आत्ताच विचारू."

नवरा भाकरी खात होता. तो माझ्याकडे संशयाने बघायला लागला. मी दाजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दाजी, घराचं काम काढून राह्यलोत. तुमच्या सल्ल्याबिगर कसं करावं?"

"बोला ना!" दाजी खूश झाले. सल्ला मागितला की त्यांचा आवाज खर्जात जातो.

"तुमी वास्तुशांतीला सांगितलं होतं ना, ईशान्य कोपऱ्याचं? आमच्या ईशान्येला भिंत हाय. कोपरा कोंडलाय."

"ईशान्येला भिंत? अन् तुमी एवढे दिवस गप्प? म्हणून तर बरकत न्हाई तुमच्या घरात. पाडा ती. बिलकुल पाडा."

"आत्याबाई न्हाई म्हणतील, दाजी."

"मामींना फोन द्या."

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. जावई फोनवर असला तरी त्या पदर सारखा करायच्या. "मामी, ती भिंत पाडायची. माझं नाव सांगा. जल्दी काम काढा, मी धोंड्याला येईन तवा मोकळं दिसलं पाहिजे."

"जी," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी म्हणाल तसं."

फोन बंद झाला. आत्याबाईंनी बाजूला सारलेला कागद पुन्हा पुढे ओढला. मग हळूच विचारलं, "सूनबाई, ईशान्य म्हंजी कोणता कोपरा?"

मी बोट दाखवलं. पितळी कुलपाकडे.

नवऱ्याला ठसका लागला. मी त्याला पाणी दिलं. आत्याबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी दाजींना परत फोन करायला हवा होता, जावईबापू, ती तुमचीच खोली हो, असं सांगायला हवं होतं. पण मग जावयाला स्वतःचा शब्द गिळायला लावावा लागला असता, आणि ते त्यांच्याने या जन्मी होणार नव्हतं. त्यांना हे कळलं. मला कळलं, हेही त्यांना कळलं. "लय आगाव हायस तू," एवढंच त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी तीन ब्लाऊज शिवले.

कुलूप आत्याबाईंनी स्वतः उघडलं. मिस्त्रीने घण उचलला तेव्हा मी म्हटलं, पहिला घाव मी घालते. तो हसला, पण त्याने घण दिला. मला वाटलं होतं तितकं काही झालं नाही, नुसता पोपडा उडाला आणि मनगटाला झिणझिण्या आल्या. दुसरा घातला. तिसरा घातला. चौथ्याला वीट हलली. नवरा दारात उभा होता आणि मी कुणाला मारते आहे, हे त्याला बरोबर कळत असावं, कारण त्याने मान खाली घातली. तो ठेल्यावर जाऊन उभा राहिला, तो दिवस मी त्याला कधी बोलून दाखवला नव्हता. त्या दिवशी घणाने दाखवला.

मिस्त्रीने मध्ये लोखंडी तुळई टाकली. महिन्याभरात जागा तयार झाली. दोन नवे पंखे लागले, एक खिडकीकडे आणि एक दरवाजाकडे. मशीन जिन्याखालून निघून खिडकीपाशी आली. मुलीला कोपऱ्यात टेबल मिळालं. गादीवरचं प्लास्टिक मी कात्रीने फाडलं, आणि दाजींच्या पलंगावर आता आत्याबाई झोपायला लागल्या, कारण त्यांचे गुडघे दुखतात. पहिले दोन दिवस त्या कडेला अंग चोरून झोपल्या, तिसऱ्या दिवशी मध्यभागी. पाच जण एकदाच जेवायला बसलो तेव्हा कुणाला वाढायला उठावं, हे कुणालाच कळेना. पातेलं मध्ये ठेवलं आणि ज्याने त्याने घेतलं.

पण माझं काम झालं नव्हतं. मला दाजी हवे होते.

अधिक महिना यंदा ऐन उन्हाळ्यात आला. दाजी आणि ताई, म्हणजे माझ्या नणंदबाई, दुपारी बाराला पोचले. मी दाराआड उभी होते. दाजी हातात बॅग घेऊन आत शिरले आणि सवयीने उजवीकडे वळले. चार पावलं चालले. दार होतं तिथे आले आणि थांबले. तिथे दार नव्हतं. समोर मुलीचं टेबल होतं, माझी मशीन होती आणि त्यांच्या पलंगावर आत्याबाईंची गुडघ्याच्या तेलाची बाटली होती.

"हे काय?" दाजी म्हणाले.

"ईशान्य मोकळी केली ना, दाजी," मी पदर सावरून म्हटलं. "तुमी सांगितलं तशी. तुमचं नाव सगळ्यांना सांगितलं."

नवऱ्याने दुजोरा दिला. मुलगी म्हणाली, तुमच्यामुळेच मला टेबल मिळालं. दाजींचा चेहरा एकदा लाल झाला, एकदा पांढरा झाला. त्यांनी पलंगाकडे बघितलं, बाथरूमकडे बघितलं, जे आता सगळ्यांचं झालं होतं. मग ते म्हणाले, "हां... बराबर. आता कशी हवा खेळतेय." मी हे दृश्य मनात किती वेळा आधीच पाहिलं होतं, पण प्रत्यक्षात ते जास्त गोड होतं. पुरणापेक्षाही.

जेवणं झाली. दाजींना धोंडे वाढले, वाण दिलं, पाया पडून झालं. मग त्यांनी विचारलं, "पडायचं कुठं?"

मी ट्रंक उघडली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सतरंजी काढली. उंबऱ्याच्या आत, ओट्याला लागून, जमिनीवर टाकली. त्या रात्री ओट्यावर जिथे वडिलांचं डोकं होतं, त्याच्या समोरासमोर, मधे फक्त उंबरा. आत्याबाईंनी सतरंजी ओळखली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण पलंगावरून उठल्या नाहीत.

दाजी आडवे झाले. डोळ्यांवर टॉवेल घेतला. आता कूस बदलतील, मी विचार केला. जमीन टोचेल. आपण कोण आणि कुठे निजलो, हे मनाला लागेल. मी मशीनवर बसून वाट बघत होते. मला त्यांचं तळमळणं बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पाच मिनिटांत दाजी घोरायला लागले. तासभर घोरले. मग टॉवेल सरकवून, आळस देऊन, मोठ्याने म्हणाले, "झकास झोप लागली. वारं मस्त लागतंय इथं."

शब्दाला शब्द तोच. माझ्या हातातली सुई थांबली. माझे वडील खोटं बोलले होते. लेकीला सासरी खाली बघावं लागू नये म्हणून धुळीने भरलेली पट्टी लावून ते हसत खोटं बोलले होते. आणि हा माणूस खरं बोलत होता. त्याला खरोखर छान झोप लागली होती. जे माझ्या वडिलांना लागलं ते याला लागणारच नव्हतं, मी घरातल्या सगळ्या भिंती पाडल्या असत्या तरी. नऊ वर्षं जपलेली सतरंजी मी त्याला झोपायला दिली होती, आणि काय मिळवलं होतं?

दाजींनी पुन्हा टॉवेल डोळ्यांवर ओढला आणि कूस बदलली.

मी उठले. पलीकडे खिडकीकडच्या पंख्याखाली ताई आईपाशी पाय पसरून शेंगा फोडत बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना या घरात पाय पसरून बसलेलं पाहिलं नव्हतं. दाजी आले की त्या खोलीत दाजींचं पाणी, दाजींचा चहा, दाजींचे पाय यातच असायच्या. त्यांच्यासाठी मी काही केलं नव्हतं. त्यांचा मी विचारही केला नव्हता. मी बटणांच्या बोर्डाशी गेले आणि दाजींच्या डोक्यावरचा पंखा बंद केला.

पाती हळू झाली, थांबली. मिनिटभराने दाजींनी टॉवेलाखालून विचारलं, "लाईट गेली का?"

ताईंनी मान वर केली. आपल्या डोक्यावर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं, मग बटणावरच्या माझ्या बोटाकडे बघितलं.

"हां, गेली," ताई म्हणाल्या. "पडून राहा." आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.